चपट्या किड्याला घेऊन चाकणला

दापोलीच्या स्टँडवरून पिंपरी-चिंचवडची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर थर्मास होता. थर्मासात चहा नव्हता. बर्फ होता, बर्फात प्लास्टिकची डबी होती, डबीत मेणाचे दोन ठोकळे होते आणि त्यांतल्या एकात खसखशीच्या दाण्याहून लहान असा एक समुद्री किडा होता. कंडक्टर म्हणाला, "बाई, थर्मास वर ठेवा की. एवढा वेळ मांडीवर घेऊन बसणार काय?" मी म्हटलं, "राहू दे हो." त्याने मदत करायला म्हणून हात पुढे केला, तशी मी "हात लावू नका!" अशी काही ओरडले की पुढच्या सीटवरचे गृहस्थ झोपेतून दचकून उठले. नंतर मलाच ओशाळल्यासारखं झालं, पण थर्मास काही सोडला नाही.

मी किती घाबरट आहे हे आपल्या गावाला नव्याने सांगायला नको. सव्वीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, पण साप बरणीतला असला तरी बरणीकडे पाठ करून शिकवते. घाट म्हटला की आदल्या दिवसापासून जेवण जात नाही. अशी मी एकटी, ऐन एप्रिलात, चाकणला जाऊन आले. कशासाठी गेले होते ते गावात नीट कुणालाच ठाऊक नाही. कुणी म्हणतं यंत्र आणायला, कुणी म्हणतं डॉक्टरला दाखवायला. म्हणून सगळं सांगते.

या किड्याच्या कुळाला चपटकृमी म्हणतात. आपल्या खाडीच्या तोंडाशी, जिथे बायका ओहोटीला मुळे (खायचे शिंपले) काढायला बसतात, तिथल्या खडकांमधल्या वाळूत मला असे तीन सापडले. जिवंतपणी काचेसारखे पारदर्शक. चार डोळे, आणि शेपटीकडे मासे धरायच्या गळासारखा वाकडा काटा. हे जीव एकाच वेळी नरही असतात आणि मादीही, आणि तो काटा म्हणजे त्यांच्यातल्या नराचं इंद्रिय. असा काटा कुणी नोंदवलेला नव्हता. मिळतील ती पुस्तकं चाळली, दूरच्या दोन जाणकारांना चित्रं पाठवली, त्यांनीही हेच सांगितलं. म्हणजे जात नवी. पण नुसतं "नवी आहे हो" म्हणून भागत नाही. आतली इंद्रियं एकमेकांना कशी जोडलेली आहेत ते दाखवावं लागतं, आणि त्यासाठी किडा मेणात बसवून त्याच्या कागदाहून पातळ चकत्या कराव्या लागतात. ते जमलं तर त्याला नाव मिळतं. नाही जमलं तर जगाच्या लेखी तो नाहीच.

तिघांपैकी एक, काटा बघायच्या नादात, काचेखाली चिरडला. दुसरा मी नळीत ओढून घेतला आणि तो बाहेर आलाच नाही. कुठे गेला ते देव जाणे. उरला एक. तो मेणात बसवला आणि दुसरे शोधायला गेले, तर त्याच जागेवर धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचे काळे धोंडे येऊन पडलेले. बंधारा हवाच होता, माझ्या चुलतभावाची वाडी त्यानेच वाचली, त्याबद्दल मी कुणाला बोल लावत नाही. पण बंधाऱ्याच्या अलीकडची-पलीकडची वाळू मी वर्षभर चाळली आणि एकही किडा मिळाला नाही. तेव्हापासून तो मेणाचा ठोकळा जागेवर आहे ना, हे मी दिवसातून दोनदा बघून यायचे.

त्यात आमच्या कॉलेजचा मायक्रोटोम (मेणातला जीव चकत्यांत कापायचं यंत्र) बिघडला. चाक फिरायचं, पण ठोकळा कधी जास्त पुढे सरकायचा, कधी सरकायचाच नाही. असली जुनी यंत्रं दुरुस्त करणारे एक जण चाकणला आहेत असं कळलं, म्हणून यंत्र आधी पार्सलने पाठवलं. पंधरा दिवसांनी फोन आला, "तयार हाय, घिऊन जावा." मी ठरवलं, यंत्र घाटातून हादरत घरी आणायच्या आधी तिथेच कापायचं. काचपट्ट्या, कुंचले, किटली, सगळं बरोबर घेतलं. सरावासाठी नुसत्या मेणाचा एक कोरा ठोकळाही घेतला.

माणगावला गाडी थांबली तेव्हा बर्फाचं निम्मं पाणी झालेलं. मी धावत जाऊन सरबतवाल्याकडून बर्फ मागितला. तो म्हणाला, "सरबत घ्या, बर्फ नुसता देत नाही." म्हणून दोन सरबतं घेतली, एक प्यायले, एक त्यालाच दिलं आणि बर्फ थर्मासात भरला. ताम्हिणीच्या घाटात मी खिडकीबाहेर एकदाही बघितलं नाही. लोक म्हणतात तिथे फार सुंदर आहे. मी दर वळणाला थर्मास छातीशी धरून रामरक्षा म्हणत होते, आणि निम्म्यात विसरले की पुन्हा पहिल्यापासून.

पिंपरीला वल्लभनगरच्या स्टँडवर उतरले तर भट्टीचं दार उघडल्यासारखी हवा अंगावर आली. आपल्याकडे घाम येतो, इथे घामसुद्धा वाळून जातो. भाची मृणाल गाडी घेऊन आली होती. ती रहाटणीला राहते, मोठ्या सोसायटीत, चौदाव्या मजल्यावर. एवढ्या उंच घरांमध्ये भर दुपारी गल्लीत सावली होती तेवढं एक बरं वाटलं. फाटकाशी मृणाल गाडी लावायला आत गेली आणि मी पायी आत शिरायला लागले, तर वॉचमनने अडवलं. जालन्याकडचा माणूस, बोलायला गोड.

"मावशी, थर्मासात काय आहे?"

"बर्फ."

"आन् बर्फात?"

मला खोटं बोलता येत नाही. "किडा," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं, थर्मासाकडे बघितलं, मग हातातल्या टॅबलेटवर बोट फिरवत बसला. येणाऱ्याला तिथे एका कप्प्यात घालावं लागतं: पाहुणे, डिलिव्हरी, घरकाम. "मंग पेस्ट कंट्रोल टाकू का?" त्याने अगदी मनापासून विचारलं. त्या चार दिवसांत मी हसले ती एवढीच. तेवढ्यात मृणाल आली आणि मी पाहुणी म्हणून आत गेले.

डबी फ्रिजमध्ये ठेवली आणि दारावर मी कागद चिकटवला: "हात लावू नये. मावशी." मृणाल म्हणाली, "अगं, घरात आपण दोघीच आहोत." मी म्हटलं, "असू दे."

सकाळी तिने मला नाशिक फाट्याला सोडलं. तिथून चाकणची बस. बसमध्ये निम्म्या बायका कंपनीच्या निळ्या शर्टात, गळ्यात ओळखपत्रं. शेजारच्या बाईने विचारलं, "कोणत्या कंपनीत आहात?" "कंपनीत नाही, कामाला चाललेय," मी म्हटलं. "सेकंड शिफ्ट का?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता खिडकीला डोकं टेकून झोपली. त्या गदारोळात ती झोपू शकली याचं मला नवल वाटलं. भोसरी गेलं, मोशी गेली, आणि पुढे रस्ताभर नुसते ट्रेलर. एकावर पत्र्याची भलीमोठी भेंडोळी, साखळीने बांधलेली. आमची बस त्याला इतकी खेटून चालली होती की साखळीचे दुवे मोजता येत होते. ही साखळी तुटली तर, हा एकच विचार माझ्या डोक्यात. मी मेले तर मेले, कॉलेजात दुसरी बाई येईल. पण किडा?

वर्कशॉपचे मालक खंडूशेठ म्हणजे मूळचे तिथल्याच गावचे. बाकीची जमीन कंपन्यांच्या पट्ट्यात गेली, उरलेल्या तुकड्यावर पत्र्याची शेड टाकून त्यांनी मशिनी बसवल्या. पांढरी टोपी, कपाळाला बुक्का, आणि हातात मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणारा काटा. "या या, मॅडम. तुमची मशीन आमी अशी केलीय की पुन्ना पंचवीस वर्सं बघायला नगो," ते म्हणाले. त्यांचे सेटर (यंत्र जुळवून देणारे) गंगाधरभाऊ लातूरकडचे, पन्नाशीचे, बारीक अंगाचे, फार कमी बोलणारे. माझ्या यंत्राचा झिजलेला स्क्रू त्यांनी स्वतः नवा करून बसवला होता. सुरीला धारही त्यांनीच लावली होती. मी ती धार भिंगाखाली बघितली. एकही खाच नाही. इतकी चांगली धार आमच्या कॉलेजात कधी नव्हती.

मी बाकावर बर्फाचा ट्रे मांडला, त्यावर दोन्ही ठोकळे ठेवले. किड्याच्या ठोकळ्यावर "१" लिहिलेलं, कोऱ्यावर "२". आणि नेमकं तेव्हाच मला बाथरूमला जायला लागलं. शेडमध्ये बायकांसाठी सोय नव्हती. खंडूशेठ ओशाळून म्हणाले, "समोरच्या कंपनीत सांगून ठिवलंय मी. रस्ता वलांडून गेलं की गेट." तो रस्ता म्हणजे तोच, ट्रेलरवाला. मी ठोकळे परत थर्मासात घालायला हात पुढे केला आणि थांबले. रस्ता ओलांडताना धक्का लागला तर? इथे निदान छपराखाली आहेत. दापोलीपासून प्रवासभर जे ठोकळे मी नजरेआड होऊ दिले नव्हते, ते तिथे ठेवले, आणि ठेवले तेही भीतीपोटी. "आले हं, आल्यावर लावू," असं गंगाधरभाऊंना सांगून गेले.

रस्ता ओलांडायलाच दहा मिनिटं गेली. समोरच्या गेटवर वहीत नाव, गाव, कशासाठी आलात ते लिहा, मग एक बाई बरोबर येणार, मग परत सही. अर्ध्या तासाने शेडमध्ये शिरले तर माझा मायक्रोटोम बाकावर, गंगाधरभाऊ त्याच्यापाशी फडक्याला हात पुसत उभे, आणि यंत्रात ठोकळा लावलेला. त्यावर "१".

पायाखालची वाळू सरकते म्हणतात, ती मी समुद्रावर अनेकदा अनुभवली आहे. सिमेंटच्या फरशीवर तेव्हा पहिल्यांदा अनुभवली.

"हे काय केलंत?" माझा आवाज फाटला.

"सेटिंग केलं, मॅडम. तुम्ही येईस्तवर करून ठेवावं म्हणलं. एकदम ओके चालायलीय."

"एक नंबर लावलात? अहो, एक नंबर?"

ते गोंधळले. "मग? एक नंबर तर सेटिंगचाच असतोय की. माल दोन नंबरपासून."

मला काही कळेना. खंडूशेठ धावत आले आणि मला खुर्चीवर बसवून समजावायला लागले. "मॅडम, आमच्या लाइनीत पयला पीस कायम सेटिंगला जातो. त्याच्यावर मशीन जुळवायची. त्यो वाया गेला तरी चालतंय, पुढचा माल चांगला निगाला म्हंजी झालं. तुमी एक नंबर टाकून आनला, आमाला वाटलं मॅडमनी सेटिंगचा पीस आनलाय. लई हुशार हायती म्हनलं."

"अहो, पण माझा सरावाचा दोन नंबर होता! एक नंबर म्हणजे खरा! आमच्यात पहिला तोच खरा असतो! त्याच्यावरूनच जातीचं नाव ठरतं!" मी रडत होते की ओरडत होते ते मला सांगता येणार नाही. "दुसरा नाहीये हो! जिथे सापडला ती जागा पण राहिली नाही!"

शेडमधल्या मशिनी एकेक करून बंद झाल्या. गंगाधरभाऊंचं तोंड पांढरंफटक पडलं. मला वाटलं होतं सगळ्यात जास्त भ्यायलेली मीच आहे, पण त्यांच्याकडे बघितलं आणि तेही खरं वाटेना.

"मॅडम, फेकलं न्हाई काही," ते कसेबसे म्हणाले. "सेटिंगचा पीस फेकत नसतेत. शिफ्ट संपेस्तवर ठेवावा लागतोय, शेठ तपासतेत."

त्यांनी कोपऱ्यातला लाल डबा (नापास माल ठेवायचा डबा) दोन्ही हातांनी उचलून आणला. त्यात तपासणीच्या कोऱ्या कागदावर मेणाच्या फिती ओळीने मांडलेल्या, पाच-पाच चकत्यांची एकेक फीत, प्रत्येकीशेजारी पेन्सिलने आकडा. कडेला लाल चिठ्ठी. चिठ्ठीवर लिहिलेलं: "पीस क्र. १. सेटिंग. ४३ फेरे. मटेरियलमध्ये गुलाबी डाग आढळला. मशीन थांबवले."

गुलाबी डाग म्हणजे माझा किडा. मेणात दिसावा म्हणून मीच त्याला गुलाबी रंग दिला होता. माल सदोष दिसला की मशीन थांबवायची ही त्यांची सवय, आणि तेवढ्यासाठी ते थांबले होते. ठोकळ्यात किडा अजून अर्ध्याहून अधिक शिल्लक होता.

जीव भांड्यात पडला म्हणावा तर तेवढ्यात कागदावरची एक फीत हलली. वर पंखा चालू होता!

"पंखा! पंखा बंद करा!"

पंखे बंद झाले. कुणीतरी कॉम्प्रेसरही बंद केला. चाकणच्या त्या उन्हात, पत्र्याखाली, सात-आठ माणसं हालचाल न करता उभी राहिली. चकत्या इतक्या हलक्या असतात की जवळ जाऊन मोठ्याने श्वास सोडला तरी उडतात. मी तोंडावर पदर बांधला, कुंचला घेतला आणि एकेक फीत उचलून कोमट पाण्याचा थेंब टाकलेल्या काचपट्टीवर ठेवत गेले. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. खंडूशेठ मागून येऊन माझ्या कपाळावर हळूच रुमाल टेकवत होते. परक्या पुरुषाने असा घाम पुसलेला मला एरवी कधी चालला नसता.

त्यांच्याकडे धातूच्या कडा बघायचा मायक्रोस्कोप होता. त्याखाली पट्ट्या सरकवल्या. पहिल्या तीसेक चकत्या कोऱ्या, नुसतं मेण. मग किड्याची कड सुरू झाली, मग कातडीखालचं अंग. पण फिती आठच निघाल्या. मी सगळ्या मोजल्या. चाळीस. पुन्हा मोजल्या. चाळीस.

"गंगाधरभाऊ, फेरे त्रेचाळीस लिहिलेत. तीन कुठायत?"

ते म्हणाले, "डाग दिसला तशी मशीन थांबवली. सुरीला काहीतरी चिकटलं होतं. हवा मारली." त्यांच्याकडे सुरी असो की साचा, कामाचा कचरा साफ करायचा तो हवेच्या बंदुकीनेच. सवयीने हात गेला होता. तीन चकत्या त्या हवेबरोबर गेल्या.

सगळेजण गुडघ्यांवर बसून मोबाइलच्या उजेडात फरशी शोधायला लागले. लोखंडाचा कीस, तेलाचे डाग, विड्यांची थोटकं, सगळं मिळालं. चकत्या मिळाल्या नाहीत. बरोबर काट्याच्या जवळ पोचलेल्या त्या चकत्या होत्या. मी उठले तेव्हा गुडघ्यांना काळं लागलं होतं आणि मनात एकच होतं, पुढचं बिघडलं तर आता खरंच संपलं.

उरलेला किडा कापायचा होता. मी चाकाच्या मुठीला हात लावला, पण हात इतका कापत होता की मूठ खडखडायला लागली. मी गंगाधरभाऊंकडे बघितलं. मघाशी ज्या माणसाला मी शिव्या द्यायच्या बाकी ठेवल्या होत्या, त्याच्याशिवाय तिथे दुसरा कुणाचा हात स्थिर नव्हता. "तुम्ही फिरवा," मी म्हटलं. "मी फीत धरते."

"मी नको, मॅडम."

"तुम्हीच."

त्यांनी हात धुतले, यंत्राच्या पाया पडले आणि मूठ धरली. तेवढ्यात बाहेरून ट्रेलर गेला आणि बाक थरथरला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. फेरा चालू असताना असा हादरा बसला असता तर चकतीचा भुगा झाला असता. खंडूशेठ फाटकाशी जाऊन उभे राहिले. रस्ता मोकळा दिसला की टोपी काढून हलवायचे, गाडी दिसली की टोपी डोक्यावर. टोपी हलली की गंगाधरभाऊ एक फेरा मारायचे, मोजून, आवाजात: "चव्वेचाळीस." थांबायचं. "पंचेचाळीस." थांबायचं. कधीकधी पाच-पाच मिनिटं टोपी डोक्यावरच राहायची आणि आम्ही दोघं चाकावर आणि कुंचल्यावर हात ठेवून पुतळ्यासारखे उभे. एकोणपन्नासाव्या चकतीत मला भिंगातून काट्याचा बाक दिसला. मी काही बोलले नाही. बोलले असते तर फीत उडाली असती. साठाव्या फेऱ्यानंतर पुन्हा कोरं मेण लागलं तेव्हा मी कुंचला खाली ठेवला आणि तिथेच फरशीवर बसले.

मग कुणीतरी पंखा लावला. तो वारा अजून आठवतो. खंडूशेठच्या घरून डबा आला होता, बाजरीची भाकरी, तिखट रस्सा आणि मासवडी. मी म्हटलं, "मासा आणला तुम्ही?" सगळे हसले. मासवडी (बेसनाच्या पारीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून माशासारख्या आकाराच्या कापलेल्या वड्या) म्हणजे त्या भागातला खास बेत, त्यात मासा औषधालाही नाही. समुद्रापासून इतक्या लांब त्यांनी मासा असा करून घेतला आहे. मी पाच खाल्ल्या. गंगाधरभाऊंनी एकही घेतली नाही. ते लाल चिठ्ठी हातात घेऊन बसले होते. मी ती त्यांच्याकडून मागून घेतली. त्या किड्याबद्दल, मी सोडून, कुणीतरी लिहिलेला तो पहिलाच मजकूर होता.

निघताना ते बसपर्यंत यंत्राची पेटी घेऊन आले. पेटी चढवली, खाली उतरले, पुन्हा वर आले. "मॅडम," ते म्हणाले, "माझ्या हातनं तीन गेले. माझ्या नोकरीत असा पीस कधी गेला न्हाई. दुसरा सापडला की मला फोन करा. मी तिकडं येऊन कापून देतो. सुट्टी टाकून येतो." मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि "करते हो" म्हटलं. बस सुटली. परतीच्या घाटात मी बाहेर बघितलं की नाही ते आठवत नाही, पण रामरक्षा म्हटली नाही एवढं खरं.

घरी आल्यावर चकत्या रंगवल्या आणि आठवडाभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले. काटा दिसतो, त्याच्या मुळाची पिशवी दिसते, अंड्यांची नळी दिसते. पिशवी आणि काटा जिथे जोडले जातात तिथल्याच तीन चकत्या नाहीत. तिथे मी प्रामाणिकपणे लिहिलं आहे, "पाहता आले नाही." जाणकारांचं म्हणणं, तरीही जात नवी ठरायला पुरेसं आहे. म्हणजे किड्याला नाव मिळेल.

पण खरी भीती त्यानंतर सुरू झाली. वर्णनाचा मसुदा मी आधी मराठीत लिहिते, मग इंग्रजीत करते. लांबी, रंग, डोळे, काटा, सगळं झालं. शेवटी वसतिस्थान. आमच्यात रीत अशी की ते वर्तमानकाळात लिहायचं: हा प्राणी अमुक ठिकाणच्या वाळूत राहतो. मी तिथे अडकले. राहतो, की राहत होता? चाकणला त्या दिवशी माझ्या कुंचल्यावरून जे गेलं ते नव्या जातीचं पहिलं शरीर होतं की शेवटचं? एखाद्याला नाव द्यायचं आणि त्याच ओळीत त्याला भूतकाळात घालायचं, हे माझ्याने होईना. आणि राहतो असं लिहायचं तर ते खरं आहे हे मला कुठे ठाऊक होतं? मी सही करून खोटं लिहिणार होते की काय?

तासभर बसले. मग "राहतो" लिहिलं. लिहिताना हात चाकणपेक्षा जास्त कापला आणि या वेळी मूठ धरायला दुसरं कुणी नव्हतं.

तेव्हापासून दर मोठ्या ओहोटीला मी चाळणी घेऊन बंधाऱ्याच्या धोंड्यांत उतरते. मुळे काढणाऱ्या बायका हसतात, हसू देत. धोंड्यांच्या फटींत थोडी वाळू अजून आहे. अजून एकही मिळालेला नाही. तो शब्द मी अजून खोडलेला नाही.